झाकणातल्या चार गोळ्या

भद्रावती पेठेत, पिठाच्या गिरणीच्या वर
हत्तुरे डॉक्टरीणबाईंचा दवाखाना.
जिन्यात पायांना पीठ लागायचं,
म्हणून त्यांच्या काळ्या फरशीवर
दिवसभर पोरांची पांढरी पावलं.
आजारी कुठली, बरी झालेली कुठली,
कुणाला सांगता आलं नसतं.

आम्ही जायचो गालफुगीला, जंतांना, चामखिळीला,
उन्हाळ्यात घोळणा फुटला की.
नागेश अंथरूण ओलं करायचा, ते मात्र अम्मा
खाली वाकून तेलुगूत सांगायची.
बाई कन्नड घरातल्या. तरी मान डोलवायच्या.

इंजेक्शन नाही, एवढं आम्हाला पुरेसं.
बाकी नुसते प्रश्न.
घाम कपाळाला येतो की मानेला?
चादर अंगावर ठेवतो की लाथेनं उडवतो?
स्वप्नात कोण येतं?
नागेश म्हणाला, रेडा. बाईंनी रेडा लिहून घेतला.
आमच्या घरात आमचं बोलणं
तोवर कुणी लिहून घेतलं नव्हतं.

"गोळ्यांना हात लावायचा नाही.
झाकणात घ्यायच्या, जिभेवर सोडायच्या."
हे त्या सगळ्यांनाच सांगायच्या.
अम्मा दिवसाला हजार विड्या वळायची,
तिला वाटलं, हे आपल्याच बोटांसाठी.
मग साधी साखरही
ती आम्हाला चमच्यानंच द्यायला लागली.

एका रात्री नागेशच्या बरगड्या
भात्यासारख्या आतबाहेर व्हायला लागल्या.
बाईंनी पेटी उघडलीच नाही.
"हे माझ्या बाटल्यांचं काम नाही. सिव्हिलला चला."
रिक्षात त्याला मांडीवर घेऊन बसल्या,
अनवाणी, तळव्यांना पीठ.

पंधराव्या वर्षी मला झोप येईना.
अम्मा सांगत सुटली: निद्र लेदु बगा, जेवंना,
तोंड वर करंना, बोललं की अंगावर येतीया.
बाईंनी कार्डावर अक्षर लिहिलं नाही.
म्हणाल्या, "तुम्ही जरा खाली गिरणीत बसा."

माझी जीभ, माझा घाम, माझी पाळी,
आजवर सगळं अम्माच्या तोंडून गेलेलं.
दार लागलं,
आणि मला माझ्याबद्दल काहीच पाठ नव्हतं.

"कधीपासून?"
माग विकले तेव्हापासून, मी म्हटलं.

चार माग होते मागच्या खोलीत. टॉवेलचे.
त्या खटखटीत मी रांगले,
पाढे म्हटले ते ओरडून,
भांडले ती ओरडून, प्रेमाचं कुणी बोललं असेल
तर तेही ओरडूनच.
भंगारवाल्यानं किलोवर नेले.
आता रात्री सगळं ऐकू येतं.
पाळीच्या पाण्याला लावलेली घागर,
शेजारच्या यल्लूबाईचा खोकला.
आणि अप्पा कूस बदलत नाहीत,
ते ऐकू येतं.

बाई लिहीत राहिल्या.
खाली गिरणी चालू होती,
टेबल बारीक थरथरत होतं, पट्ट्याचा आवाज
टाचांतून वर चढत होता.
मी हातावर डोकं टेकलं. जरा वेळच.

उठवलं तेव्हा दिवे लागले होते.
बाकावर सात-आठ पोरं गप्प,
त्यांच्या आयाही गप्प.
माझ्या केसांत अम्माची बोटं होती, तंबाखूच्या वासाची,
आणि बाई तिला काही म्हणत नव्हत्या.

बाटली दिली. रात्री चार.

पुढं बी.एस्सी.ला गेल्यावर वाचलं बरंच काही,
आणि जरा तोऱ्यातच विचारायला गेले:
त्यातल्या कोऱ्या किती होत्या, बाई?
त्यांनी बुटांच्या खोक्यांकडं बोट केलं.
"कार्ड आहे तुझं. बघ."

कार्ड सापडलं. कडा पिवळ्या.
औषधाची जागा खाली, अगदी तळाशी होती,
तिथवर मी पोचलेच नाही.
वर निळ्या शाईत लिहिलेलं:
वडील कूस बदलत नाहीत, हे मुलीला ऐकू येतं.

ठेवलं परत, होतं तिथं.
खालून गिरणीवाला ओरडत होता,
हा ज्वारीचा डबा कुणाचा,
सकाळपासून पडलाय.